उठावाचा आरंभ आणि त्याची चित्रे

१

परसत्तेविरुद्ध झालेल्या उठावाचा आरंभ चित्रांतून कसा दाखविला जातो, हा प्रश्न प्रथमदर्शनी कलेच्या इतिहासाचा वाटतो. परंतु सामान्य माणसाला इतिहासाचा पहिला परिचय ग्रंथातून होत नाही, तो भिंतीवरच्या चित्रातून होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाचे क्षेत्र बरेच विस्तारते. शाळेच्या भिंतीवर जे चित्र असते, पंधरा ऑगस्टला ज्याला हार घातला जातो, तेच मुलाच्या मनात इतिहास म्हणून वसते. पुढे तो पदवीधर झाला, मूळ कागदपत्रे वाचू लागला, तरी ती कागदपत्रे तो बहुधा त्या चित्राच्या उजेडातच वाचतो. म्हणून या चित्रांची चिकित्सा करणे हे इतिहासाच्या आणि साहित्याच्या अभ्यासकांचेही काम आहे.

या लेखात ही चिकित्सा एका विशिष्ट ठिकाणी उभे राहून करावयाची आहे. ते ठिकाण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील देऊळघाट. पैनगंगेच्या काठी वसलेले, हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांची वस्ती असलेले, बुलढाण्यापासून थोड्याच अंतरावरचे हे जुने गाव. सत्तावनच्या चित्रमालिकेत देऊळघाट कोठेही नाही, आणि बुलढाणाही नाही. मग हे ठिकाण का निवडावे, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर लेखाच्या तिसऱ्या भागात येईल. तूर्त इतके सांगितले तरी पुरे की, चित्राच्या चौकटीत काय आहे हे पाहण्यासाठी कधी कधी चौकटीच्या बाहेर उभे राहावे लागते.

२

अठराशे सत्तावनच्या उठावाची त्या काळात तयार झालेली जी चित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांतील फार मोठा भाग राज्यकर्त्यांच्या बाजूचा आहे. २२ ऑगस्ट १८५७ च्या ‘पंच’ साप्ताहिकात जॉन टेनिएल याचे प्रसिद्ध व्यंगचित्र आले. त्यात स्त्री आणि बालक यांच्या देहांवर उभ्या असलेल्या बंगाली वाघावर ब्रिटिश सिंह झेप घेत आहे. पुढच्याच वर्षी जोसेफ नोएल पेटन या चित्रकाराने लंडनच्या रॉयल अकादमीत ‘इन मेमोरियम’ हे चित्र मांडले. एका तळघरात इंग्रज स्त्रिया आणि मुले दाटीवाटीने बसली आहेत, आणि मागच्या दाराने बंडवाले शिपाई आत शिरत आहेत, असे त्याचे मूळ रूप होते. ते पाहून प्रेक्षक अस्वस्थ झाले, तेव्हा चित्रकाराने शिपाई पुसून त्यांच्या जागी सुटकेसाठी आलेले हायलँडर सैनिक रंगविले. दाराशी उभ्या असलेल्या आकृती तेवढ्या बदलल्या, बाकी चित्र तसेच राहिले.

हा फेरफार केवळ चित्रकाराच्या मनोरंजक चरित्रकथेतला नाही. या दोन्ही चित्रांत उठावाचा आरंभ कोठे होतो, ते पाहावे. तो इंग्रजांच्या घराच्या दाराशी होतो. दाराबाहेर त्यापूर्वी काय घडले, कोणाची वतने गेली, कोणते संस्थान खालसा झाले, कोणत्या पलटणीने कोणता हुकूम ऐकला, यांपैकी काहीही चित्राला ठाऊक नाही. आरंभाचा क्षण इतका उशिरा धरला की, कारण आपोआप नाहीसे होते आणि उरते ते केवळ क्रौर्य. राज्यकर्त्यांच्या चित्रांची ही मुख्य युक्ती होय. तीत कोणतीही गोष्ट खोटी रंगवावी लागत नाही. कानपूरला बीबीघरात स्त्रिया आणि मुले मारली गेली, हे सत्यच आहे. फक्त काळाची कात्री कोठे चालवावयाची, एवढेच ठरवावे लागते.

छायाचित्राची साक्ष यापेक्षा निःपक्षपाती असेल, अशी अपेक्षा होणे स्वाभाविक आहे. ती पूर्ण होत नाही. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार १८५८ च्या वसंतात लखनौस पोहोचला. तोवर सिकंदर बागेतील लढाईला काही महिने लोटले होते. त्याच्या सुप्रसिद्ध छायाचित्रात भग्न इमारतीसमोरच्या अंगणात मारल्या गेलेल्या शिपायांची हाडे विखुरलेली दिसतात. ती छायाचित्रासाठी मुद्दाम मांडली गेली असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्या काळच्या कॅमेऱ्याला हलती वस्तू टिपता येत नसे. त्याला स्थिर विषय हवा असे, आणि युद्धात सर्वांत स्थिर विषय म्हणजे मृत देह. उठावाचा आरंभ छायाचित्रात का नाही, याचे एक कारण असे तंत्राचेही आहे. सत्तावनचा कॅमेरा शेवट तेवढा पाहू शकत होता.

३

आता आपल्या बाजूच्या चित्रांकडे वळू. झाशीच्या राणीचे चित्र न पाहिलेला मराठी माणूस विरळा. घोड्यावर स्वार झालेली, हातात तलवार, पाठीशी बांधलेला दत्तक पुत्र. पुण्यात, ग्वाल्हेरला, आणि इतर अनेक नगरांत हीच आकृती पुतळ्याच्या रूपाने उभी आहे. सत्तावनच्या क्रांतीचा आरंभ म्हटला की हेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते.

परंतु या चित्रातील क्षण कोणता आहे? मूल पाठीशी बांधून राणी किल्ल्याबाहेर पडली ती एप्रिल १८५८ च्या आरंभी, सर ह्यू रोजच्या सैन्याने झाशी घेतली तेव्हा. तिला त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच ग्वाल्हेरजवळ मरण आले. म्हणजे ज्या चित्राला आपण आरंभाचे चिन्ह मानतो, ते वस्तुतः झाशीच्या शेवटाचे चित्र आहे. झाशीतील उठाव जून १८५७ मध्ये शिपायांनी सुरू केला. त्या वेळी राणी घोड्यावर नव्हती आणि तलवारही तिच्या हाती नव्हती. त्यानंतरच्या दिवसांत तिची स्थिती किती अवघड होती, आणि निर्णयाला ती किती हळूहळू आली, हे इतिहासकारांनी दाखविले आहे. झाशीच्या वेढ्यात प्रत्यक्ष सापडलेल्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून मराठी वाचकाला त्या शहराचे दैनंदिन जीवन, तेथील भीती आणि तेथील लूट ठाऊक आहे. चित्राने मात्र त्या साऱ्यातून एकच क्षण उचलला आणि त्याला सर्व काळाचा प्रतिनिधी केले.

हे लोककल्पनेचे अज्ञान आहे असे म्हणून भागणार नाही. चित्राला कृती लागते. आणि उठावांचा आरंभ पुष्कळदा कृतीने होत नाही, तो नकाराने होतो. सत्तावनचा क्रम पाहावा. फेब्रुवारी १८५७ मध्ये बऱ्हामपूर येथील एकोणिसाव्या पलटणीने काडतुसे घेण्याचे नाकारले. २९ मार्चला बराकपूर येथे मंगल पांडे याने आपल्या अधिकाऱ्यांवर शस्त्र उचलले, आणि त्याला पकडण्याचा हुकूम जमादार ईश्वरी प्रसाद याने पाळला नाही. २४ एप्रिलला मेरठ येथील तिसऱ्या रिसाल्यातील पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसे नाकारली. ९ मे रोजी त्यांना भर परेडीत बेड्या ठोकण्यात आल्या, आणि दुसऱ्या दिवशी उठाव झाला. या मालिकेत बंदूक उचलणारा एक आहे, आणि हुकूम न मानणारे शेकडो. चित्र झाले ते बंदूक उचलणाऱ्याचे. १९८४ मध्ये टपाल तिकीट निघाले तेही त्याचेच. ईश्वरी प्रसाद याला २१ एप्रिल १८५७ रोजी फाशी देण्यात आले. त्याचा अपराध एवढाच की तो जागचा हलला नाही. न हलणाऱ्या माणसाचे चित्र कसे काढावयाचे?

याच ठिकाणी बुलढाण्याचा संबंध येतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च त्या प्रांताच्या उत्पन्नातून भागवावयाचा, हा त्या तहाचा हेतू होता. म्हणजे देऊळघाटासारख्या गावच्या शेतसाऱ्यावर जी फौज पोसली जात होती, तिच्याच पुढे १८५७ च्या जून महिन्यात असा प्रश्न उभा राहिला की, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध चालून जावयाचे की नाही. औरंगाबाद येथील कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यातील स्वारांनी नकार दिला. तो नकार मोडण्यात आला. मीर फिदा अली याला फाशी देण्यात आले, आणि इतर काहींना देहदंड झाला. त्या शिक्षांची आठवण औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहरात काळा चबुतरा या नावाने राहिली आहे. बुलढाण्यास असलेल्या तुकडीतील जमादार चिदा खान यानेही दिल्लीस जाण्याचे नाकारले, आणि आपल्या काही साथीदारांसह तो हैदराबादेस आला. निजामाच्या दरबाराकडून आश्रय मिळेल ही त्याची अपेक्षा होती. दरबाराने त्याला पकडून रेसिडेन्सीच्या हवाली केले. त्याला सोडविण्यासाठी १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली लोकांचा जमाव रेसिडेन्सीवर चालून गेला. तोफांपुढे तो टिकला नाही. तुर्रेबाज खान पुढे कैदेतून निसटला, जानेवारी १८५९ मध्ये मारला गेला, आणि त्याचे प्रेत हैदराबादेत सर्वांच्या दृष्टीस पडेल असे टांगण्यात आले.

दक्षिणेतील या महत्त्वाच्या उठावाच्या साखळीतील एक आरंभीचा दुवा असा बुलढाण्याचा आहे. देऊळघाटच्या शाळेतील मुलाला राणीचे चित्र ओळखता येते आणि ते आलेच पाहिजे. परंतु आपल्या घरापासून थोड्या अंतरावर एका जमादाराने ‘जात नाही’ असे म्हटले आणि त्यामुळे हैदराबादेच्या रस्त्यावर माणसे मेली, हे त्याला कोणते चित्र सांगणार? चिदा खान आपल्या परिचित चित्रमालिकेत नाही. त्याच्या कथेत घोडदौड नाही आणि तलवारही नाही. एक नकार, एक प्रवास आणि एक विश्वासघात, एवढ्याच गोष्टी तीत आहेत. त्यातून तो मुसलमान, आणि निजामाच्या नावाने चालणाऱ्या पण इंग्रजांच्या हुकमतीतील फौजेचा जमादार. राष्ट्रीय चित्रमालिका जेव्हा विसाव्या शतकात रचली गेली, तेव्हा अशा माणसासाठी तीत तयार जागा नव्हती. हा दोष कोणा एका चित्रकाराचा नव्हे. मात्र त्याचा परिणाम आजही गावोगावच्या भिंतींवर दिसतो. दोन समाजांच्या गावातील एका समाजाला आरंभाच्या चित्रात स्वतःचा चेहरा सापडत नाही.

४

येथवर आपण आरंभ दाखविणाऱ्या चित्रांचा विचार केला. चित्रांचा दुसराही एक वर्ग आहे, आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. ही चित्रे आरंभ दाखवीत नाहीत, तर आरंभात भाग घेतात. या दोहोंतील भेद न केल्यामुळे आपल्याकडील चर्चेत बराच घोटाळा होतो.

अमेरिकेतील वसाहतींचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. ५ मार्च १७७० रोजी बॉस्टन शहरात इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि पाच माणसे मेली. काही आठवड्यांतच पॉल रिव्हिअर याने त्या घटनेचे कोरीव चित्र विक्रीस काढले. त्याची मूळ कल्पनाही त्याची नव्हती. ती त्याने हेन्री पेल्हॅम याच्या चित्रावरून घेतली होती. चित्रात शिपाई नीट रांगेत उभे आहेत, मागून अधिकारी हुकूम देत आहे, आणि समोर निःशस्त्र नागरिक कोसळत आहेत. प्रत्यक्षात तो गोंधळाचा, धक्काबुक्कीचा प्रसंग होता. मृतांपैकी क्रिस्पस ॲटक्स हा कृष्णवर्णीय होता. चित्राच्या प्रचलित प्रतींत तो तसा ओळखू येत नाही. वृत्तांत म्हणून हे चित्र अविश्वसनीय आहे. पण इतिहासातील कृती म्हणून ते अत्यंत खरे आहे, कारण त्यानेच पुढच्या रोषाला आकार दिला. उलट जॉन ट्रंबुल याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे जे भव्य चित्र रंगविले आणि जे १८२६ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये लागले, ते यश मिळाल्यानंतरचे स्मारक आहे. त्यात सर्व थोर पुरुष ओळखू येतील असे नीट बसविले आहेत. त्या चित्राने कोणतीही गोष्ट सुरू केली नाही. सुरू झालेल्या आणि संपलेल्या गोष्टीवर त्याने मोहोर उमटविली.

महाराष्ट्रात या पहिल्या वर्गाचे उदाहरण कोणते? १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात चित्रशाळा स्थापन केली. देशी वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदा त्याच वर्षीचा. आणि वासुदेव बळवंत फडके यांनी आपल्या साथीदारांसह धामारी येथे पहिला छापा घातला तो पुढच्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. या तीन गोष्टी एकापाठोपाठ, थोड्याच काळात घडतात. चित्रशाळेच्या दगडी छापावरून रामपंचायतनासारखी देवादिकांची चित्रे निघाली, पेशवाईतील पुरुषांची चित्रे निघाली. चालू असलेल्या उठावाचे चित्र त्या छापावर निघणे शक्यच नव्हते. परंतु ज्या घरात कालपर्यंत राज्यकर्त्यांचे चित्र नव्हते आणि पूर्वजांचेही नव्हते, त्या घरात पूर्वजांचे स्वराज्य खिळ्याला टांगले गेले. त्याने कोणाला उठावाला उद्युक्त केले असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. आपले राज्य होते, ही गोष्ट रोज दृष्टीस पडावी, एवढेच त्याने केले. वर्तमान जेथे छापता येत नाही तेथे भूतकाळ छापला जातो, आणि पाहणारा त्यातून वर्तमान वाचतो. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला, आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. म्हणजे सरकारनेही ते प्रेक्षकांप्रमाणेच वाचले. चित्राचा अर्थ चित्रात पुरा नसतो, तो पाहणाऱ्यांच्या परिस्थितीत असतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मागण्याचे कारण नाही.

फडक्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. आपण आज त्यांचे एकट्याचे चित्र लावतो. त्यांच्याबरोबरचे रामोशी त्यात नसतात, आणि ज्या दुष्काळाने त्यांना अस्वस्थ केले तो १८७६ ते १८७८ चा दुष्काळ तर नसतोच. त्या दुष्काळाची छायाचित्रे मात्र आहेत. मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ती घेतली. अस्थिपंजर झालेली माणसे ओळीने बसवून काढलेली ती छायाचित्रे कोणत्याही उठावाची म्हणून कोणी लावीत नाही. ती महाराष्ट्रातील नाहीत हेही खरे. तरीही १८७९ च्या उठावाचा आरंभ कशातून झाला हे विद्यार्थ्याला दाखवावयाचे असेल, तर एकाकी वीराच्या चित्रापेक्षा ती अधिक बोलतील. उठावाच्या आरंभाचे चित्र पुष्कळदा असे भलत्याच नावाखाली, भलत्याच हेतूने आणि शत्रूच्याच हाताने काढलेले असते. ते ओळखणे हे समीक्षकाचे काम आहे.

५

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लोकांना स्फूर्ती हवी असते. नकाराचे चित्र काढता येत नसेल, तर वीराचे चित्र लावण्यात वावगे काय? शिवाय चिदा खान याचेही एखादे कल्पित तैलचित्र करून भिंतीवर लावले म्हणजे उणीव भरून निघणार नाही काय?

पहिल्या भागाचे उत्तर नंदलाल बोस यांनी दिले आहे. मिठाच्या सत्याग्रहाच्या प्रसंगी, १९३० मध्ये, त्यांनी लिनोलियमवर कोरलेले गांधीजींचे चित्र सर्वपरिचित आहे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांत काठी टेकीत चाललेली एक आकृती. समुद्र नाही, मीठ नाही, पोलीस नाही. फक्त एक पाऊल उचललेले आहे. कृती अद्याप घडावयाची आहे, आणि निश्चय झालेला आहे. आरंभाचे चित्र काढता येते हे या चित्राने सिद्ध केले. पण त्याचीही एक मर्यादा आहे. पदयात्रेतील इतर सर्व माणसे त्यातून गळली. आणि वऱ्हाडात तर समुद्रच नव्हता. तेथे एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला गेला, आणि १० जुलै १९३० रोजी पुसद येथे बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. विळा आणि गवताची पेंढी. शेतकऱ्याच्या नित्याच्या कामाइतकीच साधी कृती, पण ती परवान्यावाचून केली म्हणून कायद्याचा भंग. वऱ्हाडातील गावांना आरंभाचे चित्र हवे असेल, तर ते इतके जवळ पडलेले आहे.

आक्षेपाच्या दुसऱ्या भागाशी मात्र मी सहमत नाही. चिदा खानाचा कल्पित चेहरा रंगवून त्याला घोड्यावर बसविले, तर आपण जुनाच दोष नव्या नावाने करू. त्याचे महत्त्व त्याच्या चेहऱ्यात नाही. त्याने एक हुकूम मानला नाही, यात ते आहे. त्यासाठी तैलचित्रापेक्षा एक नकाशा अधिक उपयोगी पडेल. बुलढाणा, औरंगाबाद, हैदराबाद आणि दिल्ली ही चार ठिकाणे त्यावर दाखवावीत, आणि दिल्लीकडे जाणारा रस्ता न घेतलेला म्हणून रिकामा ठेवावा. असा नकाशा देऊळघाटच्या शाळेत राणीच्या चित्राशेजारी लागला, तर त्या चित्राचा मान कमी होणार नाही. उलट ज्या शेकडो नकारांवर ते चित्र उभे आहे, ते प्रथमच दिसू लागतील.

अभ्यासकांनी कोणत्याही अशा चित्रापुढे उभे राहताना निदान तीन प्रश्न विचारावेत, असे मला सुचवावयाचे आहे. चित्रातील क्षण घटनाक्रमात नेमका कोठे बसतो? ते चित्र घटनेच्या वेळी कार्य करीत होते, की मागाहून स्मारक म्हणून झाले? आणि ज्यांनी कृती केली नाही, केवळ नकार दिला, ते चौकटीच्या कोणत्या बाजूला राहिले? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक जिल्ह्यात निराळी येतील. वऱ्हाडपुरते बोलावयाचे तर कंटिंजंटच्या छावण्यांची गावे, जंगल सत्याग्रहाची गावे आणि तेथील शाळांतील चित्रे यांची एकत्र पाहणी करणे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज शक्य आहे. ती कोणी हाती घेतल्यास प्रस्तुत विवेचनातील उणिवा दूर होतील.